बारावीला कमी गुण पडले? सोलापुरात प्रवेशाची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

बारावी जेमतेम पास झाली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आता कॉलेज मिळेल का?’ मिळेल. बी.ए.ला कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण असणे पुरते, बी.एस्सी.ला विज्ञान शाखा लागते. टक्के मोजले जातात ते गुणवत्ता यादीसाठी. कोणते कॉलेज आणि कोणती तुकडी मिळणार, हे त्यावर ठरते. कमी गुणांच्या मुलांचा प्रवेश खरा हुकतो तो तारीख निघून गेल्यामुळे किंवा एखादा दाखला हातात नसल्यामुळे.

संगमेश्वर, वालचंद, दयानंद, हिराचंद नेमचंद या शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजांत अनुदानित (सरकारी अनुदानावर चालणाऱ्या) तुकडीची यादी जास्त टक्क्यांवर बंद होते. म्हणून एकाच कॉलेजचा अर्ज भरून बसू नका, तीन-चार ठिकाणी भरा. पहिल्या यादीत नाव नसले तरी दुसरी यादी आणि शेवटी रिक्त जागांची फेरी असते. त्या काळात कॉलेजचा सूचना फलक रोज पाहावा लागतो, कारण फी भरायला दोन-तीन दिवसच मिळतात. विनाअनुदानित तुकडीत जागा सहज मिळते, पण फी जास्त असते. पदवी मात्र तीच. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरची कॉलेजेही पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचीच. घराजवळच्या कॉलेजात गेल्याने काही कमी होत नाही.

व्यावसायिक अभ्यासक्रमांना मात्र टक्क्यांची अट आहे आणि इथे बरेच पालक चुकीचा आकडा बघतात. इंजिनीअरिंगला एकूण टक्के नव्हे, ग्रुपचे, म्हणजे प्रवेशाला लागणाऱ्या तीन विषयांचे मिळून टक्के धरतात. खुल्या गटाला 45, महाराष्ट्रातील मागास प्रवर्ग, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि दिव्यांग उमेदवारांना 40. एक गुणपत्रिका घेऊ: इंग्रजी 62, मराठी 78, भौतिकशास्त्र 41, रसायनशास्त्र 45, गणित 40, जीवशास्त्र 66. बेरीज 600 पैकी 332, म्हणजे 55 टक्क्यांच्या वर. पण भौतिक, रसायन आणि गणित मिळून 300 पैकी 126, म्हणजे 42 टक्के. या तीन विषयांवर हा मुलगा खुल्या गटात असेल तर इंजिनीअरिंगला अपात्र, ओबीसीतला असेल तर पात्र. गणिताऐवजी जीवशास्त्र धरले तर 152 गुण होतात, पन्नास टक्क्यांच्या वर. म्हणजे बी.फार्मसीला तो दोन्ही गटांत पात्र, कारण तिथेही अट 45 आणि 40 चीच आहे. अर्थात एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा दिलेली हवी. तिचा निकाल शून्य नसला की पात्रता पूर्ण होते, पण जागा सीईटीच्या गुणांवरच मिळते.

सीईटी दिलीच नसेल तर त्या वर्षापुरती ही दारे बहुतेक बंद. बी.बी.ए., बी.सी.ए.लाही आता सीईटी आहे. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला सीईटीसोबत बारावीत खुल्या गटाला 45, ओबीसीला 42, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात.

ज्यांचे ग्रुपचे गुण खरेच कमी आहेत, त्यांना आम्ही डिप्लोमाचा रस्ता मनापासून सुचवतो. बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. दोन वर्षांत डिप्लोमा होतो आणि त्यात 45 टक्के (राखीव गटाला 40) मिळाले की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथे बारावीचे कमी गुण आडवे येत नाहीत. अक्कलकोट रोडच्या शासकीय तंत्रनिकेतनाची फी खासगीपेक्षा बरीच कमी आहे. डी.फार्मसीलाही सीईटी नाही, बारावी विज्ञानाच्या गुणांवर प्रवेश होतो. कला-वाणिज्यवाल्यांना दहावीच्या गुणांवर डिप्लोमाचे पहिले वर्ष खुले आहे. दहावीला 35 टक्के असले की पुरे.

दोन-चार गुणांनी ग्रुप हुकला असेल तर गप्प बसू नका. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, विषयशिक्षकांना दाखवा आणि छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. छायाप्रतीशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही. जास्त गुणांची तूट असेल तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा परीक्षा देता येते. नापास झालेल्यांना जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहे.

आता कागदपत्रे. दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि आधार जोडलेले बँक खाते सगळ्यांनाच लागते. वर्ष वाया गेले असेल तर गॅपचे शपथपत्र, सीबीएसईवाल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र आणि ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. सर्वांत जास्त घोळ नॉन-क्रिमीलेअरचा होतो. जुना दाखला 31 मार्चला संपलेला असतो आणि ते अर्ज तपासणीच्या टेबलावर कळते. दाखला प्रवेशाच्या वर्षातल्या, म्हणजे पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारा हवा. निकालानंतर दाखले काढून देणाऱ्या सेतू केंद्रात रांगा लागतात, म्हणून उत्पन्न आणि नॉन-क्रिमीलेअरचे अर्ज एप्रिलमध्येच टाका. जात वैधतेला तर महिने लागतात, तो अर्ज अकरावीतच करायचा. आधारवरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव अक्षरशः जुळते का, तेही पाहून घ्या. पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांचे किंवा कन्नड माध्यमातल्या मुलांच्या नावांचे स्पेलिंग हमखास वेगवेगळे लागते आणि शिष्यवृत्ती तिथेच अडकते.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. व्यावसायिक अभ्यासक्रमात संस्थास्तरावरून, म्हणजे थेट कॉलेजकडून जागा घेतली तर फीची सवलत सहसा मिळत नाही, म्हणून केंद्रीय प्रवेश फेरीतूनच जा. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असते. तिला आई किंवा वडिलांचे विडी कामगार ओळखपत्र लागते.

नोकरी करत शिकायचे असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाला टक्क्यांची अट नाही, बारावी उत्तीर्ण पुरते. मात्र आता दूरशिक्षणासाठी डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ऑनलाइन नोंदणी क्रमांक) काढावाच लागतो.

केंद्रीय फेऱ्या लांबतात, तोवर बी.एस्सी. किंवा बी.ए.ची जागा घेऊन ठेवा. नंतर दुसरीकडे नंबर लागला तर प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मूळ कागदपत्रे संस्थेला अडवून ठेवता येत नाहीत, तसा यूजीसीचा नियम आहे.