९१ आणि ११९ मधला सात

मे महिन्यात चाळीसगावला दुपारी घराबाहेर पडवत नाही. त्या सुट्टीत भाचीला पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवत होतो. मूळ संख्या ओळखायला मुद्दाम ९१ दिली.

फर्माचा नियम असा: संख्या मूळ असेल, तर तिच्याहून लहान कुठल्याही संख्येचा, त्या मूळ संख्येहून एकने कमी इतका घात घ्या आणि त्या मूळ संख्येने भागा, बाकी १ च उरते. तीनचा ९० वा घात ९१ ने भागला. बाकी १. “मामा, मूळच शे ही!” मग दोनचा ९० वा घात. बाकी ६४! ९१ म्हणजे सात तेरे.

एका साक्षीदारावर विसंबायचं नाही, ते यासाठी. मिलर-राबिन चाचणी याहून कडक आहे. तिच्या एका फेरीतून संयुक्त संख्या निसटण्याची शक्यता फार तर पाव; वीस फेऱ्यांत ती एक लाख कोटीत एकाहूनही कमी होते. आरएसए ही इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद ठेवायची पद्धत. तिच्या कुलपाला तीनशेहून जास्त आकडी दोन मूळ संख्या लागतात; जगाला दिसणारी किल्ली म्हणजे त्यांचा गुणाकार. तेवढ्या मोठ्या विषम संख्या रँडम उचलल्या, तर सरासरी ३५५ मागे एक मूळ निघते. साधा लॅपटॉपही ती काही सेकंदांत शोधतो.

खरी मेख रँडममध्ये आहे. पायथॉनच्या नेहमीच्या रँडम मॉड्यूलचे ३२ बिटांचे (बिट म्हणजे ० किंवा १ हा एक अंक) सलग ६२४ आकडे कुणी पाहिले, तर पुढचे सगळे त्याला सांगता येतात. २०१२ साली संशोधकांना इंटरनेटवर असे असंख्य राउटर सापडले, ज्यांनी नुकते चालू झालेले असताना, पुरेशी अनिश्चितता गोळा होण्याआधीच, किल्ल्या बनवल्या होत्या. काहींच्या किल्ल्यांत दोनांपैकी एक मूळ संख्या सारखीच आली होती.

समजा, एकाची किल्ली ९१ आणि दुसऱ्याची ११९. ११९ ला ९१ ने भागा, उरले २८. ९१ ला २८ ने भागा, उरले ७. २८ ला सातने पूर्ण भाग जातो. दोन्ही कुलपं उघडली! तीनशे आकडी दोन मूळ संख्यांचा एकटा गुणाकार फोडणं अशक्यप्राय, पण दोन गुणाकारांतली सामाईक संख्या अशी चुटकीसरशी हाती लागते.

या परस्पर भागाकारातून शेवटी उरतं त्याला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ ग्रंथातल्या कुट्टक या गणितात ‘अपवर्तन’ म्हटलंय. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, अशी नोंद १२०७ सालच्या शिलालेखात आहे. आणि तो लेख आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणचा. हे भाचीला सांगताना माझा ऊर भरून आला.

तिने प्रोग्राममधलं ‘रँडम’ खोडून ‘सीक्रेट्स’ लिहिलं. ते थेट ऑपरेटिंग सिस्टीमकडून आकडे घेतं. मग शेवटचा बिट १ केला, म्हणजे संख्या विषम, आणि एंटर दाबलं.