आरसी विमान उडवायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी नोंदणी, परवानगी आणि कागदपत्रांची माहिती

रिमोटवर उडणारं हौशी विमान कायद्याच्या लेखी ड्रोनच आहे. चार पंख्यांचं यंत्र असो की पंख-शेपटीचं साधं ट्रेनर म्हणजे शिकाऊ विमान, घरी थर्माकोल कापून बनवलेलं असो की महागडं बालसा लाकडाचं किट, सगळ्यांना 'ड्रोन नियम, २०२१' लागू होतात. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने हे नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले. 'आमचं विमान आहे, ड्रोन नाही' हा युक्तिवाद मैदानात पोलिसांपुढे बऱ्याच जणांनी करून पाहिलाय. तो चालत नाही, कारण नियमांनीच विमान, रोटरक्राफ्ट आणि हायब्रिड असे तीन प्रकार धरले आहेत, आणि आपण पहिल्याच प्रकारात येतो.

तरी घाबरायचं कारण नाही. कागदपत्रांचं काम शंभर रुपयांच्या शुल्कात होतं. आपल्या भागात अडतं ते जागेपाशी. म्हणून मोटर आणि सर्वो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मागवायच्या आधी नकाशा बघा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नकाशाकडे जाण्यापूर्वी एक काम स्वयंपाकघरातच उरकून घ्यायचं.

आधी वजन करा

विमान बॅटरीसकट, प्रोपेलरसकट, लावणार असाल तर कॅमेऱ्यासकट काट्यावर ठेवा. नियमात 'सगळं मिळून जास्तीत जास्त वजन' धरलं जातं, नुसत्या सांगाड्याचं नाही. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, त्यापुढे २५ किलोपर्यंत स्मॉल. पुढचे दोन गट, मीडियम आणि लार्ज, हौशी माणसाच्या कामाचे नाहीत.

कोरोप्लास्ट किंवा फोमबोर्डचं मीटर-सव्वामीटर पंखांचं ट्रेनर, त्यात २२०० एमएएचची थ्री-सेल लायपो बॅटरी, ब्रशलेस मोटर आणि चार सर्वो, एवढ्याचं वजन साधारण पाऊण ते एक किलो भरतं. म्हणजे मायक्रो. हौशी मंडळींपैकी बहुतेक जण याच गटात असतात आणि सुदैवाने या गटालाही बऱ्याच सवलती आहेत. नायट्रो किंवा पेट्रोल इंजिनाचं मोठं वॉरबर्ड, म्हणजे लढाऊ विमानाची प्रतिकृती, मात्र सहज २ किलोच्या वर जातं, आणि तिथे नियम बदलतात.

दुसरी गोष्ट व्याख्येची. २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन, डिझाइन, चाचणी किंवा मनोरंजनासाठीच वापरलेलं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं यंत्र नियमांत 'मॉडेल' म्हणून वेगळं धरलंय. त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे यंत्राच्या तपासणीचं प्रमाणपत्र, लागत नाही. ही मोठी सूट आहे, नाहीतर घरी बनवलेलं प्रत्येक विमान प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागलं असतं. मात्र लग्नाचं शूटिंग घेतलंत, बिल्डरच्या प्लॉटचे फोटो पैसे घेऊन काढलेत, की ते मनोरंजन राहत नाही आणि सूटही जाते. डोळ्यांवर गॉगल चढवून कॅमेऱ्यातून बघत खाडीपलीकडे विमान नेणंही 'नजरेच्या टप्प्यात' या शब्दांत बसवणं कठीण आहे.

नकाशा: खरी परीक्षा इथे

सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावर देशभराचा हवाई नकाशा सप्टेंबर २०२१ पासून उपलब्ध आहे. हिरवा भाग म्हणजे हवाई परवानगीची गरज नाही, ४०० फुटांपर्यंत उडवा. पिवळ्या भागात संबंधित हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि रविवारच्या हौसेसाठी ती मिळवण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवी मर्यादा २०० फुटांवर येते, त्यावरचा भाग पिवळा. २०० फूट म्हणजे साधारण वीस मजली इमारतीची उंची. घोडबंदर रोडवरचा एखादा टॉवर डोळ्यांसमोर आणा, एक लूप मारला की तेवढी उंची कधी ओलांडली ते कळतही नाही.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. उलवे, पनवेल, बेलापूर, सीवूड्स, खारघर हा सगळा परिसर विमानतळाच्या अगदी जवळ आहे. खारघरच्या मोकळ्या भूखंडांवर आधी कोण काय उडवत होतं ते विसरा. सानपाडा, तुर्भे, वाशीकडे सरकलं की ८ ते १२ चा हिशेब सुरू होतो, आणि खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे हेही ध्यानात ठेवायचं. अंदाजपंचे अंतर मोजू नका. नकाशावर तुमच्या मैदानावर बोट ठेवून रंग बघा, आणि तोही उडवायच्या दिवशी सकाळी, कारण राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग तात्पुरता लाल जाहीर करू शकतात.

ठाण्यात वेगळी अडचण आहे. कोलशेतला आणि येऊरच्या डोंगरावर हवाई दलाचे तळ आहेत. येऊर तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. खाडीच्या कडेला जागा मोकळी दिसते, पण ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झालंय आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. फ्लेमिंगोंचे थवे उतरलेले असताना वरून मोटर घोंघावत नेणं म्हणजे वनखात्याला आवतण देणंच. नकाशावर हिरवं दिसलं तरी वन्यजीव कायदा वेगळा लागू होतो.

मग जायचं कुठे? जाणती मंडळी शहराबाहेर पडतात, मुरबाड, शहापूर, बदलापूरच्या पलीकडे. भातकापणी झाली की खाचरं मोकळी होतात आणि पावसाळ्यापर्यंत तशीच राहतात. शेतमालकाला आधी विचारा, उडवून झाल्यावर नाही. उतरताना बांधाकडे लक्ष ठेवा, लँडिंग गिअर तिथेच मोडतो. सकाळी लवकर पोहोचलात तर उत्तम, दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढला की हलकं फोमचं विमान पतंगासारखं भरकटतं.

नोंदणी क्रमांक कसा मिळवायचा

टाइप सर्टिफिकेटमधून सूट म्हणजे नोंदणीतून सूट नव्हे, इथे अनेकांची गल्लत होते. प्रत्येक विमानाचा वेगळा विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो, मैदानावरच्या भाषेत 'यूआयएन'. त्यासाठी फॉर्म डी-२ भरायचा, शुल्क १०० रुपये. हे काम पूर्वी डिजिटल स्कायवर व्हायचं, आता नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, ईजीसीए पोर्टलवर होतं. एजंटची गरज नाही. मोबाइल आणि ईमेल देऊन खातं उघडायचं, स्वतःची माहिती भरायची, मग विमानाची.

स्वतःच्या माहितीसाठी सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून तयार ठेवा. आपल्याकडे आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि बँकेत तिसरंच नाव असतं. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नुसतं आद्याक्षर. अर्जात एकाच कागदावरचं नाव जसंच्या तसं उतरवा. मुलगा शाळकरी असेल तर नोंदणी आई किंवा वडिलांच्या नावावर करणं सोयीचं.

विमानाच्या माहितीत प्रकार, वजनाचा गट आणि अनुक्रमांक महत्त्वाचे. टाइप सर्टिफिकेटचा तपशील येतो तिथे आपण सूट मिळालेल्या 'मॉडेल' गटात आहोत हे दाखवायचं. ओळख क्रमांक तीन गोष्टींना जोडलेला असतो: विमानाचा अनुक्रमांक, आतल्या फ्लाइट कंट्रोलरचा, म्हणजे उड्डाण सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा, अनुक्रमांक आणि जमिनीवरच्या कंट्रोलचा, म्हणजे आपल्या हातातल्या ट्रान्समीटरचा अनुक्रमांक. घरी बांधलेल्या विमानाला कंपनीचा नंबर नसतो. अशा वेळी स्वतःच एक क्रमांक ठरवून पंखाखाली न पुसणाऱ्या शाईने लिहावा. ट्रान्समीटरचा स्टिकर बॅटरीच्या झाकणाआड असतो, झाकण उघडून त्याचा नीट फोटो काढून ठेवा. तो स्टिकर घामाने पहिल्याच उन्हाळ्यात पुसट होतो.

क्रमांक मिळाला की तो विमानावर लावा आणि प्रमाणपत्राची पीडीएफ मोबाइलमध्ये ठेवा.

पायलट प्रमाणपत्र कुणाला?

नॅनो उडवायला लागत नाही. मायक्रो व्यावसायिक नसेल तर तेही नाही. म्हणजे एक किलोचं ट्रेनर हौसेने उडवणाऱ्याला प्रशिक्षण संस्थेत जाण्याची सक्ती नाही. २ किलोच्या वर गेलात, की रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण, आणि डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतून प्रशिक्षण. प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. आधी पासपोर्ट सक्तीचा होता, सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने ती अट गेली. आता मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवान्यावर काम होतं. संस्थेची फी मात्र सरकारी शुल्कासारखी शंभर रुपये नसते, हजारोंत जाते. मोठं विमान बांधायला घेण्याआधी तो खर्च हिशेबात धरा.

इंजिनीअरिंग कॉलेजांसाठी वेगळी वाट आहे. सरकारमान्य शिक्षणसंस्थेला संशोधनासाठी उडवताना टाइप सर्टिफिकेट, नोंदणी क्रमांक, पूर्वपरवानगी आणि पायलट प्रमाणपत्र, चारही गोष्टींतून सूट मिळते. अट अशी की उड्डाण हिरव्या भागात आणि संस्थेच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेत व्हायला हवं. स्पर्धेसाठी विमान बनवणाऱ्या मुलांनी विभागप्रमुखांकडून तसं पत्र घेऊन ठेवावं. कॉलेजचं आवारच लाल भागात असेल, तर मात्र ही सूट कामाची नाही.

विमा, रेडिओ, सुटे भाग

नॅनो सोडून सगळ्यांना त्रयस्थ पक्षाचा विमा लागतो, गाडीला असतो तसाच. विमा कंपन्यांच्या पॉलिसी बहुतेक व्यावसायिक ड्रोन डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्या असतात. म्हणून वापर 'मनोरंजन' असल्याचं पॉलिसीत लिहून घ्या. बोलण्यातल्या शब्दाला दाव्याच्या वेळी काही किंमत नसते.

रेडिओच्या बाबतीत २.४ गिगाहर्ट्झचा नेहमीचा ट्रान्समीटर परवानामुक्त पट्ट्यात येतो, चिंता नाही. ट्रान्समीटरला जोडायची लांब पल्ल्याची मॉड्यूल घेताना मात्र बघा. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ मोकळा आहे, पण परदेशी मॉड्यूल अनेकदा ९१५ वर सेट केलेली येतात, आणि आपल्याकडे तिथे मोबाइल कंपन्यांचे सिग्नल असतात. खरेदीचंही तसंच. तयार ड्रोन, किंवा सुटं करून पाठवलेलं अख्खं ड्रोन आयात करण्यावर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. सुटे भाग मागवायला बंदी नाही. सरळ उपाय म्हणजे भाग इथल्याच दुकानदाराकडून बिलावर घ्या आणि बिलं फाइलला लावा.

पोलीस आणि जागामालक

हिरव्या भागात पोलिसांची पूर्वपरवानगी घ्या असं ड्रोन नियम सांगत नाहीत. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली, पोलीस आयुक्त उड्डाणबंदीचे आदेश काढू शकतात. सणासुदीला, निवडणुकीला, बड्या पाहुण्यांच्या दौऱ्याला असे आदेश निघतात आणि त्यांत ड्रोनच्या जोडीने रिमोटवर चालणारी विमानंही येतात. आदेशाची मुदत सहसा दोन महिन्यांच्या आत असते, संपली की नवा निघू शकतो. मोडलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा.

यात एक स्थानिक गुंता आहे. कळवा ठाणे आयुक्तालयात, ऐरोली नवी मुंबई आयुक्तालयात. मध्ये खाडीही नाही. एका बाजूचा आदेश दुसऱ्या बाजूला लागू नसतो, तेव्हा जिथे उभे राहणार तिथल्या आयुक्तालयाचे आदेश बघा. स्थानिक पोलीस ठाण्यात तारीख, वेळ, जागा, ओळख क्रमांक आणि मोबाइल नंबर लिहिलेलं पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सक्ती नाही, पण तो शिक्का बघून बीट मार्शलचा सूर बदलतो.

जमिनीचा प्रश्न पुन्हा वेगळा. नवी मुंबईतले मोकळे भूखंड बहुतेक सिडकोचे, मैदानं महापालिकेची. आकाश हिरवं आहे म्हणून कुंपणाच्या आत शिरण्याचा हक्क मिळत नाही.

ड्रोन नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा सूचनांसाठी खुला केला होता, तेव्हा अर्ज भरताना पोर्टलवरच्या ताज्या सूचना वाचून घ्या.

नोंदणीनंतर

ट्रान्समीटर किंवा फ्लाइट कंट्रोलर बदललात तर नवा अनुक्रमांक सात दिवसांच्या आत पोर्टलवर चढवायचा. अपघात झाला तर ४८ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं. विमान विकलंत, हरवलं, किंवा बांधावर आपटून दुरुस्तीपलीकडे गेलं, तर फॉर्म डी-३ भरून नाव हस्तांतरित किंवा रद्द करून घ्यायचं, शुल्क तेच १०० रुपये. ओएलएक्सवर विमान विकताना हे हमखास राहून जातं. घेणारा रोख देतो, विमान घेऊन जातो, आणि सरकारी नोंदीत मालक म्हणून तुमचंच नाव राहतं. आधी हस्तांतरणाचा अर्ज, मग विमान हातात.