माइकचे चिन्ह एक, कामे दोन

व्हॉट्सॲपमधला माइक दाबून धरायचा, बोलायचे आणि बोट उचलले की आवाज समोरच्याकडे पोहोचतो, हे आता घरोघरी ठाऊक आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही. गोंधळ होतो तो दुसऱ्या माइकपाशी, म्हणजे कीबोर्डवरच्या माइकपाशी. चिन्ह तेच आणि बोलणेही तसेच, म्हणून लोक दोन्ही वेळा ‘रेकॉर्ड केले’ असेच म्हणतात. कीबोर्डचा माइक तुमचे बोलणे ऐकतो, त्याची अक्षरे करतो आणि तेवढीच तुमच्या हाती ठेवतो. आवाज पुन्हा ऐकायला काहीही उरत नाही.

आमच्या नात्यातल्या एका मुलीने आजीकडून जात्यावरच्या ओव्या अशाच ‘रेकॉर्ड’ केल्या. दिवाळीला सगळ्यांना ऐकवण्यासाठी तिने ती नोंद उघडली, तेव्हा विरामचिन्हे नसलेला एक सलग परिच्छेद निघाला. आजीच्या ‘ईसवरा’चे त्यात ‘ईश्वरा’ झाले होते, आणि ओळीच्या शेवटी ती जो हेल काढते त्याची खूणही नव्हती. यंत्राने आपले काम चोख केले होते, पण ते काम वेगळे होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांमधून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्या संग्रहात लिहिलेल्या शब्दांबरोबर बायकांच्या आवाजातले ध्वनिमुद्रणही आहे, कारण ओवीची चाल अक्षरांत उतरत नाही. म्हणून गाणे, बोलीतली गोष्ट, वडीलधाऱ्यांची आठवण किंवा गायनाची तालीम यांसाठी फोनमधले रेकॉर्डर ॲपच उघडावे, असे माझे ठाम मत आहे.

गूगल कीप या टिपणे ठेवण्याच्या ॲपमधला माइक आवाज आणि मजकूर दोन्ही ठेवतो, म्हणून पुष्कळजण त्याची शिफारस करतात. मी करत नाही, कारण बोलणारा क्षणभर थांबला की तो ध्वनिमुद्रण संपवतो, आणि आठवून आठवून सांगणारी माणसे तर थांबतातच.

मात्र जिथे शब्दच हवे असतात, तिथे आवाज पाठवणे मला तितकेच खटकते. घराचा पत्ता, औषधांची नावे किंवा किराण्याची यादी कोणी दोन मिनिटांच्या ध्वनिसंदेशात पाठवली, की समोरच्याला ती पुन्हा पुन्हा ऐकून कागदावर उतरवावी लागते आणि महिन्याभराने शोधूनही सापडत नाही. गूगलने 2017 मध्ये मराठीतही बोलून टाइप करण्याची सोय दिली आहे. अशा मजकुरासाठी ती वापरावी आणि पाठवण्यापूर्वी एकदा वाचून आकडे तपासावेत.

बोटाने रेखाटण्याबाबतही नेमका हाच भेद आहे, पण तो डोळ्यांना लगेच दिसत असल्याने तिथे फसगत कमी होते. नोंदवहीच्या ॲपमधला ब्रश तुमची रेघ जशीच्या तशी ठेवतो, तर हस्ताक्षराचा कीबोर्ड ती रेघ वाचून छापील अक्षर देतो आणि रेघ पुसून टाकतो. मोडी शिकणाऱ्यांनी वळणे गिरवताना ब्रशच घ्यावा, कारण मराठी हस्ताक्षराचा कीबोर्ड प्रत्येक वळणात देवनागरी अक्षर शोधतो.