टिंटर्न ॲबी: वेल्समधली आणि आयर्लंडमधली

इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना 'टिंटर्न ॲबी' म्हटलं की वर्ड्‌सवर्थची १७९८ ची कविता आठवते. तो मठ वेल्समधला, वाय नदीकाठचा. (कवितेत मठाचं नाव फक्त शीर्षकात येतं.) पण आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातही टिंटर्न ॲबी आहे. दोन्ही सिस्टर्शियन या ख्रिस्ती भिक्षुपंथाचे मठ आणि नातं आई-लेकीचं, त्यामुळे एकाचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर सर्रास खपतो.

आई म्हणजे वेल्सचा मठ. वॉल्टर द क्लेअरने तो ११३१ मध्ये स्थापला. पुढे याच क्लेअर घराण्यातल्या इझाबेलशी विल्यम मार्शल या इंग्रज सरदाराचं लग्न झालं आणि तिच्याकडून चेपस्टोची जहागीर, आयर्लंडमधलं लेन्स्टर आणि या मठाचं आश्रयदातेपण त्याच्याकडे आलं. १२०० च्या सुमारास आयर्लंडला जाताना तो वादळात सापडला. सुखरूप किनाऱ्याला लागलो तर मठ बांधीन, असा नवस त्याने बोलला, अशी परंपरा आहे. गलबत बॅनोच्या खाडीत लागलं. नवस फेडायला त्याने भिक्षू आणले ते वेल्सच्या टिंटर्नमधूनच, आणि नावही तेच ठेवलं. म्हणून जुन्या लॅटिन कागदांत आयरिश मठ 'टिंटर्न दे व्होतो', म्हणजे नवसाचं टिंटर्न.

१५३६ हे साल ओळखीसाठी कुचकामी आहे, कारण इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या काळात दोन्ही मठ त्याच वर्षी बंद झाले. खरा फरक त्यानंतर पडला. वेल्समध्ये छपरावरचं शिसं काढून नेलं आणि वास्तू उघडी पडली. म्हणून आज तिथे १२६९ ते १३०१ दरम्यान नव्याने बांधलेल्या चर्चच्या उंच कमानी दिसतात, वर आभाळ आणि खाली हिरवळ. आयर्लंडमधला मठ अँथनी कोलक्लो या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याकडे गेला. (या आडनावाचा उच्चार 'कोकली'.) त्याने चर्चमध्येच घर थाटलं आणि त्याचं कुटुंब तिथे १९५९ पर्यंत राहिलं. राहतं घर म्हणून वास्तू टिकली, पण मठाचं मूळ रूप घराखाली झाकलं गेलं. भिक्षूंच्या अंगणाभोवतीच्या पडव्यांचा आराखडा शोधायला तर उत्खननच करावं लागलं.

फोटोत चर्चच्या मधोमध जाडजूड चौकोनी मनोरा आणि भिंतींत घरासारख्या खिडक्या असतील, तर ते आयर्लंड. वेल्सच्या अवशेषांत असा मनोरा नाही. कागदपत्रांत मात्र 'टिंटर्न पार्वा' दिसलं तर फसू नका. पार्वा म्हणजे धाकटं, पण ते आयरिश मठाचं नाव असेलच असं नाही. वेल्सच्या मठाशेजारच्या गावाचंही ते नाव आहे.

आणि मनोरा आहे पण छप्पर कुठेच नाही, असा वेक्सफर्डचा फोटो आला, तर तो बहुधा जवळच्याच डनब्रॉडी मठाचा. तोही सिस्टर्शियनच, पण डब्लिनच्या सेंट मेरीज मठाची लेक.