हातकुऱ्हाड की फरशी? आधी धार पाहा, मग आकार

घटप्रभा आणि मलप्रभा या दोन्ही नद्या सह्याद्रीतून निघतात आणि कर्नाटकातल्या कलादगीच्या क्वार्टझाइटमधून, म्हणजे वाळूचे कण घट्ट जुळून झालेल्या कडक खडकातून, वाट काढत पूर्वेला जातात. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते तो कडाही याच खडकाचा. नदीकाठच्या जुन्या गोट्यांच्या थरांत याच क्वार्टझाइटची पुराश्मयुगीन, म्हणजे जुन्या दगडी युगातली, हत्यारे सापडतात. घटप्रभेवरचे अनगवाडी आणि मलप्रभेवरचे ख्याड ही त्यांतली जाणकारांच्या तोंडी असलेली नावे. पुरातत्त्वज्ञ आर. व्ही. जोशी यांनी मलप्रभेचे खोरे अभ्यासले, आर. एस. पप्पू यांनी घटप्रभेचे. दोन्हीकडे अ‍ॅश्युलियन परंपरेची, म्हणजे पुराश्मयुगाच्या सुरुवातीच्या टप्प्यातली, दोन मोठी हत्यारे शेजारी शेजारी मिळतात: हातकुऱ्हाड आणि फरशी, म्हणजेच क्लीव्हर.

दोन्ही साधारण पंजाएवढी, दोन्ही बाजूंनी ठोकलेली, एका टोकाला जाड. नवखा माणूस टोकदार ती हातकुऱ्हाड आणि रुंद तोंडाची ती फरशी अशी वाटणी करतो. दहांतल्या सहा-सात वेळा ती जमतेही, पण उरलेल्या वेळी फसते. कारण खरा फरक आकारात नाही, धार कधी तयार झाली यात आहे. हातकुऱ्हाडीची धार शेवटी, ठोकून ठोकून काढलेली असते. फरशीची धार छिलका (ठोक्याने सुटलेला दगडाचा तुकडा) गाभ्यापासून, म्हणजे ज्या दगडातून तो काढला त्यापासून, सुटला त्याच क्षणी तयार झालेली असते आणि नंतर तिला कोणी हात लावलेला नसतो. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाक तिक्सिए यांनी १९५६ मध्ये फरशीची व्याख्या केली ती याच कसोटीवर.

हातकुऱ्हाडीचे काम सरळ आहे. नदीतला चपटा गोटा, खडकाची चीप किंवा मोठा छिलका घ्यायचा. दगडी हातोड्याने कडेवर ठोका मारून एका अंगाचा छिलका काढायचा, दगड उलटायचा आणि नुकत्याच पडलेल्या खळग्याच्या काठावर ठोका मारून दुसऱ्या अंगाचा काढायचा. असे आळीपाळीने केल्याने धार बाजूने पाहिली तर नागमोडी दिसते. कसबी हाताने नंतर लहान छिलके काढून ती सरळ केलेली असते. बुंध्याकडे गोट्याची मूळ साल बऱ्याचदा तशीच राहते.

बिघडते ते इथे. जिथे ठोका मारायचा तिथला कोन ९० अंशांच्या आत असावा लागतो. तो काटकोनाजवळ गेला की हातोडा उसळतो, कड चुरडते आणि छिलका अर्ध्यातच तुटून पायरी सोडतो. पुढचा ठोका त्या पायरीवर अडकतो, तिथे दुसरी पायरी पडते आणि मधोमध कुबड उरते. ते काढता न आल्याने टाकून दिलेल्या जाडजूड हातकुऱ्हाडी गोट्यांच्या थरात पुष्कळ दिसतात. त्यांना ‘ओबडधोबड, म्हणून अतिप्राचीन’ ठरवायची घाई नको. त्यातल्या कित्येक नुसत्या फसलेल्या असतात.

फरशीत डोके आधी चालवावे लागते. मोठा गाभा लागतो, कारण छिलकाच १० सेंटिमीटरपेक्षा मोठा हवा. गाभ्याच्या पृष्ठावरून आधी एक छिलका काढून तिथे सपाट खळगा तयार करतात. हा खळगा पुढे मुख्य छिलक्याच्या पाठीवर येणार असतो. मग जोरदार ठोक्याने मुख्य छिलका काढतात, तोही असा की त्याची पोटाकडची, म्हणजे गाभ्यातून सुटलेली, गुळगुळीत बाजू आणि पाठीवरचा खळगा एका टोकाशी पातळ कोनात मिळतील. ती रेषा म्हणजेच धार. पुष्कळदा ठोका बाजूने दिलेला असतो, त्यामुळे छिलका लांबीपेक्षा रुंद निघतो आणि हत्यार म्हणून धरताना तो आडवा फिरवला जातो. मग ठोका बसला त्या जागेखाली छिलक्यावर येणारा फुगवटा बुंध्याशी न राहता एका कडेला येतो. तो पातळ करण्यासाठी आणि हातात बसावे म्हणून दोन्ही कडा ठोकतात. धारेकडे मात्र कोणी जात नाही. फरशी आडवी कापली तर छेद पुष्कळदा तिरप्या चौकोनासारखा येतो, हातकुऱ्हाडीचा भिंगासारखा दोन्हीकडे फुगीर.

फसवणारे नमुने तीन. पहिला, टोक मोडलेली हातकुऱ्हाड. ती रुंद तोंडाची दिसते, पण तुटलेला भाग दोन्ही पृष्ठांना काटकोनात, बोथट आणि सपाट असतो. बोट फिरवले तर धार लागत नाही. दुसरा, टोकाशी आडवा ठोका मारून पाती काढलेली हातकुऱ्हाड. तिला खरोखर आडवी धार असते, पण ती ठोकून घडवलेल्या अंगावर शेवटी केलेली असते आणि धार करणारा खळगा आधीच्या छिलक्यांच्या खुणा कापून जातो. तिसरा नमुना सगळ्यात त्रासदायक: नदीत लोळलेली फरशी. पुरात गोटे आपटून तिच्या पातळ धारेचे टवके उडतात आणि धार ठोकल्यासारखी वाटते. टवके लहान, वेडेवाकडे, वाटेल तिथे पडलेले असतील तर ते नदीचे किंवा वापराचे. एकसारख्या मापाचे आणि ओळीने असतील तर माणसाचे.

यातून एक परिणाम निघतो, आणि तो कामाचा आहे. हातकुऱ्हाड बोथटली की पुन्हा ठोकून धार काढता येते. प्रत्येक वेळी ती लहान होत जाते. फरशीची धार गेली की ठोकून काढलेली नवी धार तशी राहत नाही, म्हणून फरशी अशी लहान होत जात नाही. त्यामुळे एकाच जागी दोन्हींची मापे वेगळी पडली तर ती दोन वेगळ्या लोकांची असे मानायची गरज नाही.

दगडही फरक पाडतो. क्वार्टझाइट कडक आणि कणीदार आहे. मोठे छिलके चांगले देतो, पण बारीक काम रुसत-रुसत होते. उत्तरेला दख्खनच्या काळ्या दगडात हीच हत्यारे बनली, उदाहरणार्थ प्रवरेकाठच्या चिरकी-नेवाशाला. तिथे दगड झिजल्याने खळग्यांचे काठ पुसट होतात आणि धार ओळखणे अवघड जाते. पूर्वेला हुणसगी खोऱ्यातल्या इसामपूरला चुनखडीच्या लाद्या फोडून काम चालले. तिथल्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांना हत्यारांबरोबर गाभे, हातोडे आणि कचराही मिळाला. प्राण्यांच्या दातांच्या इनॅमलवरून (दातावरच्या कठीण थरावरून) काढलेले तिथले वय सुमारे १२ लाख वर्षे आहे.

कचराही सांगून जातो. हातकुऱ्हाड घडवलेल्या जागी पातळ, वळलेले छिलके पडतात, ज्यांच्या पाठीवर चारी दिशांचे जुने खळगे असतात. फरशीच्या जागी मोठ्या खळग्यांचे अजस्र गाभे राहतात.

शिवारात असा दगड दिसला तर तो उचलून घरी नेऊ नये. जागेवरच शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही पृष्ठांचे, एका कडेचे आणि धारेकडून समोरून असे चार फोटो घ्यावेत. धारेचा फोटो तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी. भर दुपारी खळग्यांचे काठ दिसत नाहीत. दगड थरात रुतलेला आहे की वर सुटा पडला आहे हे लिहून राज्य पुरातत्त्व खात्याला कळवावे. रुतलेला असेल तर तो हलवला की वय ठरवायचा आधारच जातो.