‘रिप्लाय’ दाबला की सगळ्यांनाच जातं?

चतुर्थीच्या आधीची गोष्ट. फोंड्यातल्या आमच्या नाटकवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर (एका पत्त्यावर पाठवलं की सगळ्या सभासदांना जाणारा ईमेल-गट) तालमीची वेळ कळवणारा ईमेल आला. एकाने पाठवणाऱ्या मित्राला उत्तर लिहिलं, ‘दिग्दर्शकाला सांगू नको, पाठांतर झालेलं नाही.’ ते वाचलं सगळ्यांनी, दिग्दर्शकासकट!

तेव्हापासून जो तो म्हणतो, ‘लिस्टला रिप्लाय केला की सगळ्यांना जायचाच, ईमेलचा नियमच तसा.’ साफ चूक. २००८च्या आरएफसी ५३२२ या ईमेलच्या मानकानुसार ‘रिप्लाय-टू’ ही ईमेलच्या माथ्यावरची ओळ मूळ लेखकाची: उत्तर कुठे यावं, हे तो सुचवतो. आमच्या लिस्टच्या सेटिंगमध्ये तिथे लिस्टचाच पत्ता भरला जात होता. म्हणजे घोटाळा प्रोग्रामचा नव्हे, सेटिंगचा. (बिचाऱ्या नटाचा तर नव्हेच.)

मग लिस्टला उत्तर द्यायचं कसं? त्याची सोय १९९८पासून आहे. आरएफसी २३६९ने ‘लिस्ट-पोस्ट’ ही वेगळी ओळ दिली, तिच्यात लिस्टचा पत्ता असतो. ती वाचून थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम ‘रिप्लाय लिस्ट’चं बटण दाखवतो, ‘मट’ या दुसऱ्या ईमेल प्रोग्राममध्ये कॅपिटल ‘एल’ दाबायचा. साधा ‘रिप्लाय’ लेखकाला, ‘रिप्लाय ऑल’ सगळ्या पत्त्यांना. लिस्टचं बटण नसेल तर ‘रिप्लाय ऑल’ करून नको ते पत्ते खोडायचे.

आम्ही सेटिंग बदललं. आता उलटी तक्रार: ‘माझं उत्तर लिस्टवर दिसत नाही.’