‘घरकाम’ या रकान्याची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या दैनिकांतील निधनवार्ता ‘त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ या ओळीवर येते आणि रक्षाविसर्जनाची वेळ देऊन थांबते. पुरुषाच्या बाबतीत त्याआधी नोकरी आणि पदे येतात. घर सांभाळलेल्या बाईच्या बाबतीत अनेकदा परिवाराची ओळ हीच सगळी वार्ता असते. तो परिवार वाढवणे हे तिचे कर्तृत्व मानावे का, हा वाद मुळात नोंदीचा आहे.

पूर्वी नोंद होती ती वंशाची. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील मुलगा दत्तक घेऊन करवीरची गादी चालवली गेली. दत्तकविधानाने वारस मिळे, त्याला वाढवले कोणी हे दप्तरात दुय्यमच राही. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरला. संगोपनातील कसूर अशी कागदावर आली. नीट केलेल्या संगोपनाला रकाना नव्हताच.

खरा गुंता ‘घरकाम’ या शब्दाचा आहे. पोरांचा अभ्यास, स्वयंपाक, आजारी सासऱ्यांची सेवा हे सारे त्यात कोंबले जाते आणि जनगणनेच्या लेखी ते कामच नसते. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या परिशिष्टाने, अपघातात दगावलेल्या बिनकमावत्या जोडीदाराचे उत्पन्न भरपाईसाठी कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरले. म्हणजे गुजरीतील सराफाच्या आणि उद्यमनगरातील कामगाराच्या पत्नीने सारख्याच कष्टाने मुले वाढवली, तरी त्या कष्टांची किंमत नवऱ्याच्या मिळकतीप्रमाणे बदलणार होती! २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकष वाजवी मानला, आणि त्याच निकालात २००१ च्या जनगणनेने सुमारे ३६ कोटी स्त्रियांना बिनकामाच्या ठरवून भिकारी, वेश्या व कैदी यांच्या पंक्तीला बसवल्याबद्दल ताशेरेही ओढले. प्रतिष्ठा स्वतंत्र, पण मोजमाप नवऱ्याच्या पगारावरून, ही तडजोड प्रस्तुत लेखकाला पटलेली नाही.

पुढे २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातला रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला. घरच्यांच्या देखभालीचे आकडे १३४ आणि ७६ होते. राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम बंधनकारक झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या कागदांना ते बंधन नाही.